न झालेली फायनल

आमच्या बाबांना कॉलनीत ‘शेंडे’ अशी आडनावानं हाक मारणारी माणसं दोनच होती, एक पोस्टमन आणि दुसरा हजेरीचा बाबू. बाकी सगळ्यांसाठी ते ‘चॅम्पियन’. हा शब्द दोन तऱ्हांनी उच्चारता येतो हे मला फार लवकर कळलं. एक तऱ्हा संध्याकाळी मैदानावर बॉक्सिंग शिकायला येणाऱ्या पोट्ट्यांची, त्यात पुढे ‘सर’ लागायचं. दुसरी पानठेल्यावरची. तिथे शेवटचं अक्षर जरा लांबवायचं आणि लगेच शेजारच्याकडे बघायचं. हा दुसरा उच्चार कानावर आला की आई हातातलं भांडं गरजेपेक्षा जोरात खाली ठेवायची. बाबा मात्र दोन्ही तऱ्हांना सारखीच मान डोलवत. मला त्याचा लहानपणी संताप यायचा. आजही आठवलं की थोडा येतोच.

खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. आमच्याकडे ऋतू तीन नव्हते, दोनच होते. वारा चिमणीकडून आमच्याकडे वाहायचा तो एक, आणि आमच्याकडून दुसरीकडे वाहायचा तो दुसरा. पहिल्या ऋतूत दोरीवरच्या पांढऱ्या साड्या संध्याकाळपर्यंत करड्या व्हायच्या, आणि आई कुरड्या-पापड जुन्या लुगड्याखाली झाकून वाळवायची. तरी दातांखाली काहीतरी कचकन यायचंच. पाहुणे विचारायचे, हे काय, तर बाबा सांगायचे की वीज आहे, खाऊन घ्या. आता मी धरमपेठेत तिसऱ्या मजल्यावर राहते. माझी सून टेबलावर बोट फिरवून ‘आई, किती धूळ’ म्हणते, तेव्हा मी फडकं घेऊन येते. राख म्हणजे काय ते तिला कसं समजावून सांगणार.

आवाजांचंही तसंच. पाळी बदलण्याचा भोंगा, कोळशाच्या वाघिणी रिकाम्या होताना जमिनीतून येणारी घरघर, उन्हाळ्यात आमच्या कूलरचा खडखडाट, आणि या सगळ्यांच्या आधी, पहाटे, अंगणात बाबांच्या दोरीवरच्या उड्यांची टपटप. स्पर्धा सोडून बाबांना कितीतरी वर्षं झाली होती, पण दोरी सुटली नव्हती. टपटप थांबली की आई चहा टाकायची, आणि चहाचा वास आला की मी उठायची. नाश्त्याला रात्रीची भाकर आणि जवसाची चटणी, वर कच्चं तेल. हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की आई सांबारवड्या करायची, आणि त्या दिवशी मैदानावरची पोट्टी शिकायला कमी आणि घराकडे डोकावायला जास्त यायची. बाबांचं पदक भिंतीवर नव्हतं. भिंतीवर बाबासाहेब होते, बुद्ध होते, आजोबांचा दीक्षाभूमीवरचा एक फिकट फोटो होता. पदक कपाटात स्वेटरांच्या खाली. आमच्या नागपुरात स्वेटर लागतात ते वर्षातून काही आठवडे, तेव्हाच काय ते त्याचं दर्शन व्हायचं.

कॉलनीला पदकाबद्दल माहिती होती ती एवढी. बाबा तरुणपणी राज्याच्या स्पर्धेत एकेक लढत जिंकत फायनलला पोचले, आणि फायनलला समोरचा उतरलाच नाही. वॉकओव्हर. रिंगमध्ये एकटे उभे राहिले, पंचानं हात वर केला, झाले चॅम्पियन. त्याच जोरावर वीज केंद्रात खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागली. समोरचा का उतरला नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबांना विचारलं तर ते म्हणत, ‘वजनाचा घोळ झाला होता,’ आणि उठून जात. आता ज्या गोष्टीबद्दल माहिती कमी, तिच्यावर बोलायला जागा जास्त. गुलाबभाऊंच्या पानठेल्यावर हा वाद बारमाही होता. एक पक्ष म्हणायचा, ज्याच्या हाती ससा तो पारधी, पदक आहे ना, मग झालं तर. दुसऱ्या पक्षाचे पुढारी होते वासेकर काका.

वासेकर काका कंट्रोल रूममध्ये होते. माणूस वाईट मुळीच नव्हता. आमच्या घरी कोणी आजारी पडलं तर सगळ्यात आधी तेच गाडीची सोय करायचे. पण वाद हा त्यांचा दुपारच्या जेवणातला तिखटाचा ठेचा होता, त्याच्याविना घास उतरायचा नाही. त्यांचं म्हणणं असं की आधीच्या लढती जिंकणारा चांगला खेळाडू, यात वाद नाही. पण चॅम्पियन म्हणजे फायनल जिंकणारा. फायनलमध्ये एकही ठोसा मारला नाही, एकही खाल्ला नाही, तो चॅम्पियन कसा? आयत्या बिळावर नागोबा! हे वाक्य ते असं म्हणायचे की बाबांच्या बाजूचे लोकही हसायचे. मीही एकदा दुकानातून साखर आणताना ते ऐकलं आणि घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते. खरं सांगायचं तर मला राग नुसता वासेकर काकांचा आला नव्हता. त्यांचं म्हणणं मला बरोबर वाटत होतं, याचाही आला होता.

मी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते, त्या उन्हाळ्यात ही गंमत गंमत राहिली नाही. बाबांच्या हाताखाली शिकलेला प्रदीप नावाचा मुलगा राज्यात पदक घेऊन आला. कॉलनीच्या क्रीडा मंडळानं ठरवलं की कामगार दिनाच्या कार्यक्रमात गुरूचा सत्कार करायचा, शाल, श्रीफळ आणि ‘राज्य चॅम्पियन’ असं कोरलेली ताटली. मंडळात वासेकर काकाही होते. ते म्हणाले, सत्कार जरूर करा, पण ताटलीवर काय कोरायचं ते आधी ठरवा. पानठेल्यावर काही बोलावं, ते वेगळं. धातूवर कोरायचं म्हणजे खरं असलं पाहिजे. मग कोणीतरी सुचवलं की रविवारी मंडळाची सभा आहे, तिथे चॅम्पियननंच सांगून टाकावं, फायनल का झाली नाही ते. एकदाचा निकाल लागेल. निरोप घेऊन आलेल्या माणसाला बाबांनी पाणी दिलं आणि सांगितलं की ताटली नको, शाल नको, मी काही सांगणार नाही. बस. तो माणूस गेल्यावर दोन दिवसांत कॉलनीभर झालं की काहीतरी काळंबेरं असलंच पाहिजे, नाहीतर सांगायला काय जातं? समोरच्याला दमदाटी केली होती म्हणे. कोणी म्हणालं, पंच नात्यातला होता. चॅम्पियनला नोकरी कशी लागली इथपर्यंत गोष्ट पोचली, आणि ती आमच्या घराच्या फाटकापर्यंत येऊनही थांबेना.

त्या आठवड्यात आईचं कशातच लक्ष नव्हतं. वरणात मीठ दोनदा पडलं. एका सकाळी आम्ही दोघी अंगणात कुरड्या घालत होतो, ऊन अजून चढलं नव्हतं, बाबा पहिल्या पाळीला गेले होते. मी म्हटलं, बाबा एकदाचं सांगून का टाकत नाहीत? आईनं साचा खाली ठेवला.

“तुह्या बाबाचं नाव मी बुडवलं,” ती म्हणाली. “ते माह्यासाठी चूप आहेत.”

आणि मग तिनं सांगितलं. तेव्हा लग्नाला जेमतेम काही महिने झालेले, नागपुरातच इंदोऱ्यात एका खोलीत राहत. स्पर्धाही नागपुरातच होती. त्या काळी बॉक्सिंगवाल्यांत रीत होती की बाहेरगावचा जो कोणी फायनलला भिडणार, त्याला इथल्या खेळाडूनं एकदा घरी जेवायला न्यायचं. लढून झाल्यावर. पण समोरचा चंद्रपूरकडचा रेल्वेतला पोरगा, बळीराम कोवे, त्याला फायनल संपताच गाडी धरायची होती. म्हणून बाबांनी त्याला आदल्या संध्याकाळीच आणलं. आईला सांगितलं, साधंच कर. आता नवी नवरी ‘साधंच कर’ याचा काय अर्थ घेणार? तिला वाटलं, नवरा संकोचानं म्हणतो आहे. तिनं शेजारणीकडून मोठं पातेलं आणलं, मटणाचा रस्सा केला, भाकरी केल्या, भात केला. बाबांनी नुसता चहा घेतला. तिला वाटलं, पाहुणा जेवल्यावर जेवतील. पाहुणा ‘पुरे वहिनी’ म्हणाला की ती आणखी वाढायची, कारण आपल्याकडे पहिल्या ‘पुरे’ला कोण मानतं? बाबा एकदा म्हणाले, राहू दे वं, तर तिनं त्यांनाच डोळ्यांनी दटावलं. पाहुण्यासमोर असं बोलतात का?

बॉक्सिंगवाल्यांचं वजन लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा करतात, आणि काटा जरा पुढे गेला तरी माणूस बाद होतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोवेचं वजन जास्त भरलं. तिला कळलं ते संध्याकाळी, बाबा पदक घेऊन आले तेव्हा. त्यांनी एवढंच सांगितलं की वजनामुळे बळीराम बाद झाला, आणि पदक देऊन आंघोळीला गेले. त्यानंतर त्या जेवणाबद्दल दोघांत एक शब्द झाला नाही. कधीच नाही.

“आता सभेत त्यायनं खरं सांगतलं तं लोक काय म्हणतीन?” आई म्हणाली. “आदल्या दिवशी घरी नेलं, पोटभर चारलं, अन् सोता चहावर राहिला. बायकोले काई माहीत नव्हतं, हे पटंन का कोणाले?”

मला पटलं असतं का, हा प्रश्न मी मनात विचारला, आणि माझी आई नसती तर नसतं पटलं, असं उत्तर आलं. म्हणजे बाबा गप्प राहिले तर भित्रे आणि लबाड, बोलले तर आई लबाड आणि ते दुप्पट लबाड. मला बाबा खरे हवे होते आणि आई निर्दोष हवी होती. दोन्ही एका वेळी मिळण्याची काही सोय दिसत नव्हती. कुरड्यांचा तो घाणा आम्ही कसाबसा संपवला. अर्ध्या वेड्यावाकड्या झाल्या होत्या.

रविवारी सकाळी सभेच्या थोडं आधी फाटक वाजलं. बुटका, रुंद, नाक एका बाजूला बसलेलं, पोट चांगलं सुटलेलं असा एक माणूस उन्हात उभा होता. हातात संत्र्यांची नाही, सीताफळांची नाही, तर चक्क टरबुजाची पिशवी. त्यानं माझ्याकडे न बघता माझ्यामागे उभ्या असलेल्या आईकडे बघितलं आणि विचारलं, वहिनी, ओळखलं का? आईनं नाकावरून ओळखलं. बळीराम कोवे आले होते. कोवे आता रेल्वेच्या संघाला शिकवत होते. प्रदीपच्या स्पर्धेत त्यांनी त्याच्या पायांची चाल बघितली आणि त्याला विचारलं, हे शिकवलं कोणी? शेंडे सरांनी, असं म्हटल्यावर चौकशी निघाली, आणि इकडे ताटलीचा वाद पेटल्यावर प्रदीपनं त्यांना गाठून पानठेल्यापासून ताटलीपर्यंतची सगळी कहाणी सांगून टाकली. बाबा आतून शर्टाची बटणं लावत आले. दोघांनी जय भीम केलं, एकमेकांचे खांदे दाबले. कोवेंनी मग बोलणं सुरू केलं ते आईशीच.

“वहिनी, मी तं तुमच्या घरी हरूनच आलतो,” ते म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते असं. स्पर्धेत आठवडाभर ते अर्धपोटी राहून वजन धरत होते, पण अंग भरण्याचं वय, ते ऐकेना. फायनलच्या आदल्या दिवशी संध्याकाळी स्टेशनवर पार्सल ऑफिसच्या काट्यावर गुपचूप चढून बघितलं, तर काटा इतका पुढे की रात्रभर उपाशी राहून, घाम गाळूनही ते उतरणार नव्हतं. मॅनेजरला सांगायची हिंमत नव्हती. वजन सांभाळता येत नाही म्हणून संघातून काढला असता, मग नोकरीचं काय? स्टेडियमच्या फाटकाबाहेर बसले होते, तिथून बाबा त्यांना घरी घेऊन आले. पुढ्यात ताट आलं तेव्हा विचार केला, फायनल तर गेलीच, आता निदान पोटभर जेवून तरी घ्यावं. सकाळी वजन करताना मलाच धक्का बसला असा चेहरा केला आणि बाद होऊन घरी गेले.

“अन् हा तुमचा नवरा,” ते बाबांकडे बोट करून म्हणाले, “यानं पंचायले विनंती करून दुसऱ्यांदा वजन कराले थोडा वेळ मागून घेतला. सोताचा स्वेटर मले घातला, अन् मैदानाले चकरा माराले माह्यासंगं धावला. हा धावून राहिला माह्यासाठी, अन् मले माहीत का काई उपेग नाही. तेव्हाच सांगाले पायजे होतं. लाज वाटली, वहिनी.”

आई आत गेली. मी मागोमाग गेले. ती मोरीजवळ बसून तोंडावर पाणी मारत होती आणि हसत होती, आणि ते हसणं थांबत नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की दहावीचा निकाल लागला त्या दिवशीही तसं वाटलं नाही, आणि निकाल चांगला होता. एवढी वर्षं एक बाई आपल्या हातच्या रश्श्याला घाबरून जगली होती, आणि रश्श्याचा काही दोषच नव्हता. पुढे मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा किती मुलं अशी न केलेल्या गुन्ह्याची भीती घेऊन बसलेली दिसली. प्रत्येकाच्या घरी टरबूज घेऊन कोणी येत नाही. बाहेरून बाबांचा आवाज आला की चला, सभेले उशीर होऊन राहिला.

सभेत कोवेंनी पुन्हा सगळं सांगितलं, स्वतःच्या लाजेसकट, काही न वगळता. वासेकर काका चष्मा पुसत ऐकत होते. संपल्यावर त्यांनी आपला तोच प्रश्न विचारला, पण या वेळी आवाज पानठेल्याचा नव्हता. हे सगळं ऐकून माणूस मोठा आहे हे कळलं, पण मग फायनल कोणी जिंकली? उत्तर द्यायला कोवे उठले, पण त्यांच्या आधी बाबा उठले. मी त्यांना पहिल्यांदाच माइकसमोर बघितलं. माइक त्यांनी बाजूला सारला.

“वासेकर साहेब बरोबर बोलून राहिले,” ते म्हणाले. “फायनल झालीच नाही. जे झालं नाही ते मी जिंकलो, असं मी कसं म्हणू? बळीरामनं मले हरवलंही असतं. मले पोट्टे शिकवू द्या, ताटली राहू द्या.”

यावर बराच गोंधळ झाला. कोवे म्हणाले की हरवलं असतं की नाही ते ठाऊक नाही, पण माझ्या वजनासाठी माझ्याबरोबर धावणारा प्रतिस्पर्धी मी त्याच्या आधी बघितला नाही आणि नंतरही नाही. शेवटी ताटलीवर ‘राज्य चॅम्पियन’ऐवजी ‘आमचे सर’ कोरायचं ठरलं, आणि ही सूचना वासेकर काकांचीच होती. शालही त्यांनीच घातली. पुढे निवृत्त होईपर्यंत पानठेल्यावर त्यांचं मत कायम राहिलं की तांत्रिकदृष्ट्या फायनल अनिर्णित समजावी. फक्त नागोबा परत कधी निघाला नाही. मला विचाराल तर पदकाबाबत आजही मी काकांच्या पक्षाची आहे. खेळाचा न्याय खेळाच्या जागी. पण चॅम्पियन या शब्दाबद्दल माझं मत त्याच दिवशी, सभेनंतर, आमच्या स्वयंपाकघरात पक्कं झालं.

कोवे टरबूज खाऊन दुपारच्या गाडीनं गेले. बाहेर ऊन पेटलं होतं, कूलर खडखडत होता, बाबा पाटावर बसून पाणी पीत होते. आई पाठमोरी पोळपाट धूत होती. तिनं न वळताच विचारलं, “तुमाले माहीत होतं का हे? का त्याचं वजन आधीच जास्त होतं म्हणून?”

“नाही,” बाबा म्हणाले. “मलेही आजच कळलं.”

आईचे हात थांबले. माझ्या लक्षात यायला तिच्यापेक्षा जरा जास्त वेळ लागला. म्हणजे आई जे समजत होती तेच इतकी वर्षं बाबाही समजत होते. पानठेल्यावरची सगळी टिंगल ऐकताना त्यांना वाटत होतं की हे त्या जेवणामुळेच झालं. आणि आमच्या घरी भांडणं काय कमी व्हायची? मिठावरून, माहेरावरून, कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं यावरून. रागाच्या भरात माणूस कुठलं कुठलं उकरून काढतो. हे त्यांनी एकदाही काढलं नव्हतं.

“मंग इतक्या वर्षांत मले एक डाव तरी बोलले काहून नाही?” आई म्हणाली.

बाबांनी पेला खाली ठेवला. त्यांना तो प्रश्नच कळला नसावा असं त्यांचं तोंड झालं होतं.

“काय बोलू वं?” ते म्हणाले. “तू तं पाहुण्याले जेवू घातलं होतं.”